पलंगातून गेलेली शीव

बिटनरबर्गच्या एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून "देव भलं करो" ऐकू येतं. एवढंच ते गाव. पण त्याला गाव म्हटलेलं तिथल्या माणसांना खपत नाही. ते बरो आहे, म्हणजे आपला कारभार आपण पाहणारं शहर. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, चहूबाजूंनी लोअर स्प्रूस टाउनशिपने, म्हणजे आसपासच्या शेतवस्त्यांच्या वेगळ्या कारभाराने, वेढलेलं, रश्शात एकच गोळा तरंगावा तसं तरंगणारं. पण स्वतःचा मेयर, स्वतःचं कौन्सिल, स्वतःचा आगीचा बंब आणि स्वतःचा एक लुकलुकता पिवळा दिवा असलेलं बरो. दिवा कशासाठी लुकलुकतो ते कुणालाच ठाऊक नाही, कारण तिथे फाटाच नाही. कौन्सिलने तो १९६२ साली मागवला, तो आला, मग लावला.

अशा या बरोला २०१९ च्या सप्टेंबरात सव्वाशे वर्षं पुरी होणार होती. बंबखान्यासमोर चार लोखंडी काहिली चुलाणांवर चढणार, दिवसभर घेवड्याचं सूप रटरटणार, बँड वाजणार, आणि भर दुपारी मेयरबाई पहिल्या काहिलीतून पहिला डाव वाढणार असा बेत होता. शिवाय एक पत्रक निघणार होतं: 'बिटनरबर्गचा उगम आणि परिचय', पानं चार. ते लिहायचं काम कौन्सिलच्या सातही जणांनी मोठ्या आदराने मेयरबाईंच्या गळ्यात मारलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणत लोरेटा हॅफलीने ते घेतलं.

लोरेटा अडुसष्ट वर्षांची. पाच वेळा निवडून आलेली, तीही प्रत्येक वेळी बिनविरोध, कारण दुसरं कुणी तयार होत नसे. मेयरचं काम म्हणजे फार काही नाही; कुणाचं कुत्रं कुणाच्या वाफ्यात शिरलं, कुणी बर्फ शेजाऱ्याच्या दारात लोटला, एवढंच. पण नवरा वेंडेल जाऊन वीस महिने झाले होते, आणि सकाळी उठून अंगावर बरे कपडे चढवायला ते कुत्रं आणि तो बर्फच कारण होता. हे ती कुणाला सांगत नसे, पण स्वतःपासून लपवतही नसे.

परिचय तिने तासाभरात लिहून काढला. लोकसंख्या एकशे सत्याऐंशी. क्षेत्रफळ, एका चौरस मैलाचा पाचवा हिस्सा. चर्च एक, खानावळ एक, पोस्ट एक, लुकलुकता दिवा एक. बरोच्या शिक्क्यावर बायकी बुटाचं चित्र आहे. मूळ पुरुष जेकब बिटनर चांभार असावा. 'प्रसिद्ध व्यक्ती' इथे मात्र पेन अडलं. कौन्सिलचा अध्यक्ष आणि बंबवाल्यांचा नाईक अर्विन स्टम्प याने आपल्या चुलत्याचं नाव सुचवलं; तो एकदा आंबवलेला कोबी खाण्याच्या शर्यतीत जिल्ह्यात तिसरा आला होता. लोरेटाने ती जागा कोरी ठेवली आणि उगमाकडे वळली.

उगमाचे कागद बंबखान्याच्या तिजोरीत होते. तिजोरीवर नूडल्सची पातेली ठेवायचा प्रघात असल्यामुळे ती तिजोरी आहे हेच निम्मे लोक विसरले होते. किल्ली वेंडेलच्या जुडग्यात होती, कारण तीस वर्षं तोच बंबवाल्यांचा चिटणीस होता. लोरेटाने पातेली उतरवली, तिजोरी उघडली, आणि पानागणिक वेगळ्या, मागे पुठ्ठा लावलेल्या प्लास्टिकच्या पाकिटांतला पिवळा पडलेला कोर्टाचा हुकूम काचेतून पाहावं तसा पाकिटांतूनच वाचायला घेतला. पहिल्याच पानावर चांभार निकालात निघाला.

झालं होतं असं. १८९३ च्या ईस्टरला जेकब बिटनरची बायको चर्चला निघाली आणि खानावळीसमोरच्या चिखलात तिचा उजवा बूट रुतला. बाई निघाल्या, बूट निघाला नाही. तो आजतागायत मिळालेला नाही. रस्त्याकडेला फळ्या टाका, असं सांगायला लोक टाउनशिपच्या कारभाऱ्याकडे गेले. कारभारी होता एझ्रा हार्बो. तो म्हणाला, चिखल तुमच्या आधीपासून इथे आहे, सोय तुम्ही करून घ्या. झालं. त्याच संध्याकाळी खानावळीत एकेचाळीस जणांनी अर्जावर सह्या केल्या की आम्हाला टाउनशिप नको, आमचं आम्ही बरो करतो. एका बुटापायी स्वराज्य.

इथवर वाचून लोरेटा एकटीच खो खो हसली, कारण एझ्रा हार्बो तिचा पणजोबा. ती माहेरची हार्बो, टाउनशिपची लेक. १९७३ साली वेंडेल हॅफलीशी लग्न करून शीव ओलांडून आली. तिचा थोरला भाऊ डेल आज पणजोबाच्याच खुर्चीत बसून टाउनशिपचा कारभार पाही, आणि भेटेल तिथे तिला "काय गं पळपुटे" म्हणून हाक मारी. शेहेचाळीस वर्षांत त्याने एकदाही कंटाळा केला नव्हता.

कोर्टाने अर्ज मान्य केला, पण हद्द मोजून आणा असं सांगितलं. मोजणीदार आला ॲमॉस लिंडमन, आणि त्याला फीऐवजी जेवण कबूल केलं होतं. ही चूक बिटनरबर्गनेच करावी. बातमी फुटली, आणि ज्यांना बरोत यायचं होतं त्या प्रत्येक घरच्या बाईने गोड सारण भरलेला पाई भाजायला घेतला. मोजणीदाराची साखळी सरळ निघाली आणि वासाच्या मागे वळत गेली. हद्दीच्या वर्णनात त्याने ते प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं होतं. 'तिथून श्रीमती क्रिसमन यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत (चेरी). तिथून श्रीमती वोल्फ यांच्या मागच्या पायरीपर्यंत (लाल भोपळा, उत्तम).' असे सात घरांत नऊ पाई. नकाशावर बिटनरबर्ग बसलेल्या बदकासारखं का दिसतं याचं उत्तर लोरेटाला मिळालं, आणि प्रसिद्ध व्यक्तीही मिळाली.

मग शेवटची ओळ आली.

'तिथून श्री. हॅफली यांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीतील पलंगाच्या बरोबर मध्यापर्यंत, जिथे मी आडवा आहे (काकवी, दोन तुकडे, लिंबू, एक). पलंगाची पश्चिम बाजू बरोत, पूर्व बाजू टाउनशिपमध्ये. उठणे शक्य नसल्याने पुढची दिशा खिडकीतून पाहून घेतली.'

त्याखाली जज्जाचा शेरा होता. जज्जसाहेब एकतर फार विनोदी असावेत, नाहीतर अजिबात नसावेत. 'ज्यांच्या घरातून हद्द गेली आहे, त्यांच्यापैकी निवडणुकीआधीचा महिनाभर जो ज्या बाजूला झोपला, तो त्या बाजूचा समजावा. तो जेवतो कुठे हे विचारात घेऊ नये.'

लोरेटाचं हसू मावळलं. हॅफलींचं घर म्हणजे तिचंच घर. आणि पलंगही तोच. वेंडेलच्या पणजोबाने तो ओकच्या लाकडाचा खोलीतच बांधला आणि पाय जमिनीच्या तुळयांना ठोकले, तेव्हापासून तो तसूभर हलला नव्हता. ती घरी गेली, जिना चढली आणि लोकरीचा गुंडा घेऊन उशाच्या मध्यापासून पायथ्याच्या मध्यापर्यंत धागा ताणून बांधला. दाराकडची बाजू पूर्वेची. कपाटाकडची पश्चिमेची.

शेहेचाळीस वर्षं ती दाराकडे झोपत आली होती. मुलं लहान असताना रात्री उठायला बरं पडायचं, मग तीच सवय लागली. वेंडेल कपाटाकडे. कधी शरदात त्याचा खांदा धरायचा, तेव्हा "सरक गं तिकडे, मला या कुशीवर निजवत नाही" म्हणून तो तिला हुसकून लावायचा, तेवढाच काय तो फरक. म्हणजे नवरा बरोत आणि बायको टाउनशिपमध्ये, असा संसार झाला होता, आणि टाउनशिपची बाई अठरा वर्षं बरोची मेयर म्हणून मिरवत होती. धाग्याच्या पलीकडे वेंडेलची उशी होती, उशीवर घडी घातलेला चष्मा, आणि शेजारी पालथं ठेवलेलं पंचांग, पेरणीच्या पानावर. दर सोमवारी ती चादर बदलायची आणि सगळं होतं तसं परत मांडायची.

गुपचूप बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण लोरेटाला खोटं बोलता येत नसे, मेयरपणातली तिची ती एकच अडचण होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने कौन्सिल बोलावलं आणि हुकूम वाचून दाखवला.

बैठकीचा पार बोजवारा उडाला. लोरेटाचं राहिलं बाजूला, ज्याला त्याला आपलं घर कुठे पडतं याची पडली. खानावळवाली व्हर्ना बिटनर हिला कळलं की तिच्या मुरवलेल्या बीटाच्या बरण्या बरोत आणि बिअरचं पिंप टाउनशिपमध्ये आहे. पाद्रीबाबांची न्हाणी हद्दीपार निघाली. म्हणजे रोज सकाळी ते टाउनशिपमध्ये जाऊन स्वच्छ होत आणि बरोत येऊन प्रवचन देत. एलरॉय क्रिसमन टीव्हीसमोरच्या खुर्चीत झोपतो, तो बरोत. त्याची बायको माडीवर, ती टाउनशिपमध्ये. एलरॉय म्हणाला की आता कित्येक गोष्टींचा उलगडा झाला. हसून हसून अर्विनच्या विजारीचा पट्टा सुटला.

तेवढ्यात डेल हार्बो आत आला. कॉफी टाउनशिपमध्येही मिळते, पण त्याला बंबखान्यातलीच लागे. ऐकून घेतल्यावर त्याने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि सावकाश बसला. इतका सुखी चेहरा त्याच्या लग्नातही झाला नव्हता.

"म्हणजे आमचीच लेक अठरा वर्षं तुमच्यावर राज्य करत होती," तो म्हणाला, "आणि तुम्हाला पत्ता नाही. पणजोबा, ऐकताय ना?"

"डेल, तू कॉफी पी," लोरेटा म्हणाली.

"पितो की. तू पण घे. परक्या मुलखात आहेस, सांभाळून."

अर्विन स्टम्पने पट्टा आवळला आणि टेबलावर मूठ आपटली. पलंग उचलून सरकवू, असं तो म्हणाला. बंबाला साखळी लावू. पलंग तुळयांना ठोकलेला आहे असं कळल्यावर करवतीची गोष्ट निघाली. पाद्रीबाबांनी हद्दच सरकवावी असं सुचवलं, पण त्याला कोर्टात दोन वर्षं लागली असती, आणि सोहळा अकरा दिवसांवर. शेवटी व्हर्ना बिटनर, जिला हिशेबी डोकं होतं, ती म्हणाली की एवढा काथ्याकूट कशाला. मागच्या निवडणुकीआधी, २०१७ च्या ऑक्टोबरात, तू कुठल्या बाजूला झोपत होतीस?

त्या शरदातलं लोरेटाला औषधांच्या वेळा आणि प्राणवायूच्या यंत्राची घरघर सोडून काही आठवत नव्हतं. "नेहमीच्याच," ती म्हणाली. "दाराकडे."

"मग निवड गेली. हरकत नाही. आज राजीनामा दे, आजपासून त्या बाजूला झोपायला लाग, आणि सोहळ्याच्या सकाळी आम्ही तुलाच नेमतो. महिना भरायचा राहिला तर राहिला, जज्ज काय थडग्यातून उठून येतोय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं; उपाय इतका सोपा होता. फक्त लोरेटा हसली नाही. तिने कागदाचा तुकडा घेतला, राजीनामा लिहिला, घडी करून अर्विनपुढे ठेवला.

"मला परत नेमू नका," ती म्हणाली. "त्या बाजूला मला नाही जमायचं."

का, ते कुणाला कळेना. एलरॉयने गादीला खड्डा पडलाय का म्हणून विचारलं. डेलने मात्र बहिणीकडे एकदा पाहिलं, कॉफी अर्धी टाकली आणि टोपी घालून निघून गेला. जाताना काही टोमणा मारला नाही, तेव्हा सगळ्यांना वाटलं की प्रकरण गंभीर आहे.

बिटनरबर्गला गंभीर प्रकरणावर एकच उपाय ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लोरेटाच्या पश्चिमेच्या दाराशी पाई येऊन पडायला लागले. क्रिसमनबाईंनी चेरीचा दिला, पणजीच्या हिशेबाने. वोल्फांच्या सुनेने लाल भोपळ्याचा. व्हर्नाने काकवीचे दोन, आणि वर चिठ्ठी, 'नुसतं झोपायचंच तर आहे.' हे टाउनशिपला कळायला किती वेळ लागतो? दुपारी पूर्वेच्या दाराशी त्यांच्या बायका हजर. तुझं माहेर ते तुझं माहेर, म्हणाल्या, आणि सफरचंदाचे सहा ठेवून गेल्या. मग बरोने दुसरी खेप काढली. शनिवारपर्यंत घरात एकतीस पाई झाले होते. जिन्याच्या पायऱ्यांवर, शिलाई यंत्रावर, न्हाणीच्या काठावर. अर्विनच्या बायकोने घाईत बेदाण्यांचा आणला. बेदाण्यांचा पाई तिकडे मर्तिकाला करतात. दारातच तिच्या लक्षात आलं, तशी ती तो परत घेऊन पळत सुटली आणि फाटकाशी धडपडली. लोरेटा खिडकीतून पाहून इतकी हसली की तिला हसू आवरेना, आणि मग ते हसणंच राहिलं नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर डेल आला. पूर्वेच्या दाराने आला नाही, रस्त्याला वळसा घालून पश्चिमेच्या दाराने आला. दोघं भावंडं स्वयंपाकघरात बसली आणि मधे लिंबाचा एक ठेवून दोन चमच्यांनी दोन्हीकडून पोखरत राहिली, लहानपणी पोखरत तशी. बराच वेळ डेलने पावसापाण्याच्या गप्पा केल्या. मग त्याने चमचा खाली ठेवला.

"चष्मा अजून तिथेच आहे ना?"

लोरेटाने मान हलवली.

"मी तिथे झोपायला लागले तर तो कुठे जाईल, डेल?" ती म्हणाली. "अख्ख्या घरात त्याची म्हणून तेवढीच जागा उरलीय. दोन फूट."

डेलने पाईची उरलेली कड तिच्याकडे सरकवली. टाउनशिपचा कारभार करायला शब्द फारसे लागत नसत. "शेहेचाळीस वर्षं तुला परत मागतोय मी," तो शेवटी म्हणाला. "पण अशी नको होतीस."

आणि त्याने दुसरा पाई पुढे ओढला, कारण एकतीसांतले एकोणतीस अजून तसेच होते.

सोहळ्याचा दिवस उजाडला तो लख्ख. पहाटेच चुलाणं पेटली. चार काहिलींत घेवडा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे रटरटू लागले, आणि सगळ्या बरोभर असा वास सुटला की लिंडमन मोजणीदार जिवंत असता तर हद्द दहा मैल वाढली असती. बँडवाल्यांचा ढोल फुटला, त्यांनी कपडे धुण्याच्या पत्र्याच्या टपावर वाजवून भागवलं. शिक्क्यावरच्या बुटाचं कोडं पत्रकातून सुटल्यामुळे एलरॉय क्रिसमनने सकाळी आठ वाजताच खानावळीसमोर कुदळ घेऊन खणायला सुरुवात केली होती. मेयरची खुर्ची रिकामी होती. व्हर्नाने तिच्यावर फुलं ठेवली, मग ती मर्तिकासारखी दिसायला लागली म्हणून उचलली, आणि खुर्ची आणखीच रिकामी दिसू लागली.

लोरेटा तिसऱ्या काहिलीपाशी हातभर लांब लाकडी उलथण्याने सूप ढवळत होती. साधी बाई म्हणून आले आहे, असं तिने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. डेल शेजारी उभा राहून लाकडं सारत होता, टाउनशिपचा कारभारी बरोच्या चुलीपुढे.

अर्विन स्टम्पने कोर्टाचा हुकूम चौकटीत बसवून बंबावर टांगायचं ठरवलं होतं. त्यासाठी त्याने तो पाकिटांतून बाहेर काढला, उलटा धरला, आणि तिथेच थबकला. शेवटच्या पानाच्या मागे पेन्सिलने काहीतरी खरडलेलं होतं. अर्विनचा आवाज आग विझवताना हाका मारून मारून तयार झालेला, त्यामुळे तो मनात वाचायला लागला की बरोभर ऐकू जाई.

"'ऑगस्ट २००१,'" त्याने वाचलं. "'लोरेटाला सांगू नये. कळलं तर ती उभीच राहायची नाही. दर निवडणुकीच्या ऑक्टोबरात खांदा दुखेल. वें.' कुणाचा खांदा? आणि खाली हे काय, साल लिहून खुणा केल्यात. एक, पाच, नऊ, तेरा, सतरा. पाच खुणा."

लोरेटाचं उलथणं थांबलं.

खांदा. सरक गं तिकडे. तिला वाटायचं हवा पालटते म्हणून धरतो. दर चौथ्या वर्षीच कसा धरतो, हे तिने कधी मोजलंच नव्हतं. आणि शेवटचा ऑक्टोबर एकदम तिच्यासमोर उभा राहिला. प्राणवायूचं यंत्र कपाटाकडे लावलेलं, नळी पुरेना, आणि तरी हा हट्टाला पेटलेला की मला दाराकडेच झोपायचं. ती केवढी चिडली होती. बारक्या आवाजात भांडली होती, यंत्र फरफटत पलंगाला वळसा घालून नेलं होतं, आणि महिनाभर कपाटाकडे तोंड करून झोपली होती, रागाने. तो सबंध महिना ती बरोत होती.

अर्विन कागद हातात धरून सावकाश तिच्याकडे चालत आला. त्याचा मोठा आवाज कुठेतरी गेला होता.

"मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला गाडी काढायला लावली होती," तो म्हणाला. "यंत्रासकट. म्हणाला, बंबखान्यात पाच मिनिटं काम आहे. मला वाटलं, बंब शेवटचा बघायचाय. मी बाहेर थांबलो."

पाचवी खूण वाकडी होती. पण कागद फाटेल इतकी दाबून काढली होती.

लोरेटा हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग उलथण्याला धरून ती वाकली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना इतकी मोठ्याने हसली की बँड थांबला. काय झालं ते तिने तुटक तुटक सांगितलं. व्हर्नाला आधी कळलं, तिने बोटांवर महिने मोजले आणि किंचाळून सगळ्यांना सांगितलं की मेयर पाचही वेळा कायदेशीर आहे, राजीनामा गेला खड्ड्यात. तो खड्ड्यात न जाता पहिल्या काहिलीखाली गेला आणि जळाला. मग कुणी कुणाला मिठी मारली याचा हिशेब राहिला नाही. पाद्रीबाबा टपाच्या तालावर नाचले. एलरॉय चिखलाने माखून धावत आला, त्याच्या हातात एक काळंकुळं चामड्याचं काहीतरी होतं, ते पुढे डाव्या पायाचं निघालं, पण त्या घटकेला सगळ्यांनी त्याचा जयजयकार केला.

डेल हार्बो मात्र कमरेवर हात ठेवून उभा होता. डोळे लाल, ते धुराने असं त्याचं म्हणणं.

"म्हणजे आमची नव्हतीसच," तो म्हणाला. "तो लबाड माझ्या नाकाखालून तुला दर चार वर्षांनी पळवून नेत होता."

"पाच वेळा," लोरेटा म्हणाली. "आणि पहिली धरून सहा."

बाराला तिने मेयर म्हणून पहिला डाव वाढला. रीत मोडून तो टाउनशिपच्या कारभाऱ्याला वाढला, कारण पहाटेपासून लाकडं त्यानेच सारली होती. सूप तळाला थोडं लागलं होतं. ढवळायला मधे कुणी नव्हतं ना. लोकांनी वाडगे पुसून खाल्लं.

तीन वाजता पाय बोलायला लागले तशी ती घरी आली. जिन्यावरचे चार पाई ओलांडून वर गेली. लोकरीचा धागा अजून पलंगावर ताणलेला होता. तो तिने सोडला आणि गुंड्याला गुंडाळला. वेंडेलचा चष्मा उचलून, पदर नव्हता म्हणून झग्याच्या टोकाने पुसला आणि कपाटावर ठेवला. पंचांग पेरणीच्या पानावरच उघडं होतं, ते मिटलं नाही, नुसतं चष्म्याशेजारी सरकवलं. मग बूट काढून ती कपाटाकडच्या बाजूला आडवी झाली.

इथून दार दिसत होतं. तिची स्वतःची उशी दिसत होती, मधोमध दबलेली. म्हणजे शेहेचाळीस वर्षं सकाळी डोळे उघडले की त्याला हे दिसायचं, एवढं तिच्या ध्यानात आलं. तिकडे बंबखान्यासमोर बँड पुन्हा सुरू झाला होता आणि कुणीतरी बेसूर गात होतं, बहुतेक अर्विनच. निवडणुकीला अजून दोन वर्षं होती, आणि तिचा खांदा काही दुखत नव्हता. ती तिथेच झोपली.